बियाण्यासाठी राखलेला घोस

माझं नाक कारखान्याने खाल्लं. भोसरीच्या एका कारखान्यात लोखंडी भागांवर मुलामा चढवायच्या खात्यात मी नोकरी केली. तिथे आम्लाच्या टाक्या सतत वाफाळत असायच्या. निवृत्त झालो तेव्हा मला उदबत्तीचा वास येत नव्हता आणि गॅस गळल्याचाही येत नव्हता. नाक गेलं की जीभही अर्धी जाते. खारट, आंबट, गोड, तिखट एवढं ढोबळ कळतं, पण लोक ज्याला चव म्हणतात ती मला फक्त आठवणीतून माहीत आहे. अशा माणसाने टोमॅटोचा वाण तयार करायला घ्यावा, हा विनोदच. पण तो उद्योग माझ्या एकट्याचा नव्हता. झाडं माझी आणि जीभ बायकोची, अशी आमची वाटणी होती.

सुरुवात तिच्या रागातून झाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही चुकलेलं उत्तर तिला खपत नसे. बाजारातले गावठी टोमॅटो हळूहळू दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी जाड सालीचे, लांबट, आठवडाभर टोपलीत पडले तरी सुरकुती न पडणारे टोमॅटो आले. तिचं सार बिघडलं. हातगाडीवाला म्हणाला, "बाई, टिकतात बघा." ती म्हणाली, "टिकवायचे असते तर लोणचं घातलं असतं." पण घ्यावे तेच लागत. मग एका हिवाळ्यात मंडईतून आणलेल्या किलोभरात एक टोमॅटो वेगळा निघाला. ती चिरता चिरता थांबली, एक फोड तोंडात टाकली, उरलेला अर्धा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "अहो, याचं बी धरा."

मी धरलं. पुढच्या हिवाळ्यात कर्वेनगरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांतून, त्या एका टोमॅटोची झाडं उभी राहिली आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाला चपटी फळं, एकाला लांबट, एकाला बोराएवढी. मला वाटलं मीच काहीतरी घोळ घातला. शेतकी खात्यात असलेल्या एका ओळखीच्या माणसाने समजावून सांगितलं, की संकरित फळाचं बी असंच फुटतं, आईबापाचे गुण पोरांत विखुरतात. त्यातलं मनासारखं झाड निवडायचं, फक्त त्याचंच बी धरायचं, पुढच्या वर्षी पुन्हा निवडायचं. असं वर्षानुवर्षं केलं की पोरं एकसारखी निघायला लागतात. वाण स्थिरावला म्हणतात तो असा.

निवृत्त माणसाला वर्षानुवर्षं करायचं काम मिळालं की त्याला आणखी काय हवं? दसऱ्याच्या सुमारास रोपं डब्यांत जायची, संक्रांतीनंतर फळं पिकायची. सोसायटीचे सेक्रेटरी दर वर्षी बजावायचे, "गच्ची गळली तर टोमॅटोंबरोबर तुम्हालाही खाली आणू." मी पाण्याचा एक थेंब सांडू देत नसे.

रविवारी सकाळी परीक्षा असायची. मी प्रत्येक झाडाचं एक पिकलेलं फळ आणून चिरायचो आणि फोडी स्टीलच्या ताटात झाडांच्या क्रमाने मांडायचो. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहायची. आधी बिनमिठाची फोड, मग मीठ लावून. मध्ये पाण्याची चूळ. पेपर तपासताना बसायचा तसाच चेहरा. निकाल तुटक असायचे. "पाणी." "साल कोण चावणार?" "हा सेक्रेटरींना द्या." आणि क्वचित, फारच क्वचित, "बरा आहे." तिचं "बरा आहे" आलं की मी गच्चीवर जाऊन त्या झाडाच्या सगळ्यात चांगल्या घोसाला तिच्या जुन्या लाल साडीची चिंधी बांधायचो. चिंधीचा घोस खायचा नाही, अगदी घरात दुसरा टोमॅटो नसला तरी नाही. आम्ही उरलेले खायचो. सगळ्यात चांगली फळं आम्ही स्वतः कधी खाल्लीच नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

बी काढायलाही तीच लागायची. गर आणि बिया वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबवत ठेवतात, वर साय धरते, आणि एका ठरावीक वासाला बी धुऊन घ्यायचं असतं. उशीर झाला तर बी वाटीतच मोड धरतं. तो वास मला येणार कुठून? ती नाकाला पदर लावून वाटीवर वाकायची आणि म्हणायची, "घरात काही मेलंय असं वाटायला लागलं. धुवा आता." मग मी धुऊन ताटलीत वाळवायचो.

काही वर्षांत झाडं दिसायला बरीचशी एकसारखी झाली. चपटी, खांद्याला किंचित हिरवट, पातळ सालीची फळं. पण चवीत अजून फाटे फुटत होते. ते फक्त तिला कळायचं. "आणखी एखाददुसरं वर्ष," ती म्हणाली. समोरच्या दारातले गृहस्थ, तिच्यासारखेच तिखट बोलणारे, दर हिवाळ्यात आमच्या टोमॅटोंची वाट बघायला लागले होते.

त्याच दिवाळीत तिच्या पोटातली गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. रोपं आधीच डब्यांत गेली होती, म्हणून वाढली, नाहीतर त्या वर्षी मी लावली नसती. ती मात्र प्रत्येक वेळी हॉस्पिटलातून परत आली की पहिलं विचारायची, "फुलं धरली का?" संक्रांत झाली, फळं पिकली. तिला ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं. मी ताट पलंगावर नेलं. तिने नेहमीप्रमाणे क्रमाने फोडी खाल्ल्या, चूळ भरायला मी वाटी धरली. तिने एरवीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग एका फोडीवर बोट ठेवून म्हणाली, "हा. छान आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने खाण्याच्या कुठल्याही वस्तूला छान म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला त्याचं नवल वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. मी जिने चढून गेलो आणि त्या झाडाला चिंधी बांधली. पुढे आंबवलेल्या बियांची वाटी तिच्याजवळ नेली, तर तिला उलटीच झाली. तोंड पुसून ती म्हणाली, "झालंय. धुवा."

पावसाळ्याआधी ती गेली.

तेव्हा मुलगी महिनाभर माझ्याजवळ राहिली आणि मग खराडीला, तिच्या नोकरीला आणि घराला, परत गेली. दसरा जवळ आला तसे तिचे फोन सुरू झाले. "बाबा, रोपं केलीत ना? आईने धरायला सांगितलेलं बी आहे." मी रोपं केली. माझा दिवस मग पाणी, खत, काठ्या बांधणं यात जायला लागला. आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा सगळी झाडं एकाच मापाची निघाली. एकही वेगळं नाही. वाण स्थिरावला होता. मी गच्चीवर उभा राहून मोठ्याने रडलो, ऐकायला कोणी नव्हतं.

पहिली परडी समोरच्या गृहस्थांकडे नेली. दुसऱ्या दिवशी रिकामी परडी परत करायला ते दारात आले. "या वर्षी बाजारातून आणलेत वाटतं?" त्यांनी विचारलं. मला वाटलं थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. म्हणाले, "राग मानू नका. पण हे ते नव्हेत."

शनिवारी मुलगी आली तेव्हा मी तिच्यापुढे फोड धरली. तिने खाल्ली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"काय झालं?"

"बाबा, आईला तेव्हा कशालाच चव नव्हती. केमोने गेली होती. तोंडात लोखंड ठेवल्यासारखं वाटतं म्हणायची."

"मग बोट कशावर ठेवलं तिने?"

"कशावर तरी. तुम्ही ताट घेऊन आला होतात."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या वर्षी बीच धरलं नसतंत. मग नंतर गच्चीवर कशाला गेला असतात? ती म्हणाली, यांना काहीतरी राहू दे."

मी संतापलो. गेलेल्या बायकोवर चिडायची सोय नसते, म्हणून मुलीवर चिडलो. जिने आयुष्यभर पोरांना अर्धा गुण फुकट दिला नाही, तिने मला दया म्हणून निकाल दिला होता, आणि मी त्यावर वर्ष काढलं होतं. वाण स्थिरावला होता खरा, पण तो चुकीचा. मुलगी ऐकून घेत राहिली. मग तिनेच स्वयंपाकघरातले डबे हुडकले आणि त्याच्याही आदल्या वर्षीच्या बियांची पुडी काढली, बायकोच्या जिभेने निवडलेली, आजाराच्या आधीची. "हे लावा," ती म्हणाली. "यात आईचा टोमॅटो असेल."

पुढच्या दसऱ्याला लावलं. जुनं बी, त्यातलं फार थोडं उगवलं. उगवलेल्या चार-सहा झाडांना मी लेकरांसारखं सांभाळलं. दिसायला ती सगळी एकसारखीच होती. त्यातलं एखादं तरी तिच्या चवीचं असणार, आणि ते ओळखायला मला एक खरी जीभ हवी होती. फळं पिकली तेव्हा मी मुलीला बोलावलं. ताट मांडलं, मीठ ठेवलं, चूळ भरायला पाणी ठेवलं.

तिने पहिली फोड तोंडात टाकली आणि लगेच म्हणाली, "हा. हाच. अगदी आईचा."

"बाकीचे खाऊन बघ."

तिने भराभर खाल्ले. चूळ भरली नाही. "नाही, पहिलाच." ती ताटाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या वाढलेल्या दाढीकडे, सैल झालेल्या सदऱ्याकडे. तिच्या आईने पलंगावरून माझ्याकडे असंच पाहिलं असणार. मी मुलीच्या देखत वर गेलो आणि पहिल्या झाडाला चिंधी बांधली. तिचा चेहरा सैलावला आणि जेवून ती खराडीला गेली.

दुसऱ्या दिवशी मी हातगाडीवरून दोन टोमॅटो घेतले. ते आणि गच्चीवरच्या प्रत्येक झाडाचं एक फळ चिरून, क्रमाने मांडून, मी ओट्यापाशी उभा राहिलो. आधी बिनमिठाची फोड, मग मीठ लावून. मध्ये चूळ. दोनदा, तीनदा. सगळं ओलं आणि थोडं आंबट होतं. हातगाडीवरचाही. इतकी वर्षं मी जे जपत होतो ते मला कधीच कळत नव्हतं. कळणारी होती ती गेली, आणि आता जो कोणी चाखेल तो माझं तोंड बघून निकाल देईल.

त्या आठवड्यात मी डबे रिकामे करून टाकले. मातीही सोसायटीच्या बागेत टाकली.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. "बाबा, आईच्या टोमॅटोचं बी धरलंत ना?"

तिच्या आवाजात इतकी आशा होती. मी म्हटलं, "धरलं. ताटलीत वाळत घातलंय."