बंद दारांची कॅसेट

हे लिहावं की नाही, यातच माझे बरेच दिवस गेले. कारण आमच्या घरात असल्या गोष्टींना जागाच नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच देव्हारा, टाक, अंगारा सगळं ओढ्यात सोडलं. तेव्हापासून घरात नवस नाही, अंगात येणं नाही. लहानपणी मी एकदा चिंचेखाली काहीतरी दिसलं म्हणून रडत आलो, तर वडिलांनी (त्यांना आम्ही दादा म्हणतो) मला हाताला धरून परत त्याच चिंचेखाली नेलं आणि म्हणाले, "दाव. कुठं हाय?" तिथं काहीच नव्हतं. त्यामुळे या सदरातले अनुभव मी हॉस्टेलवर वाचायचो ते निव्वळ करमणूक म्हणून. आणि आज मीच लिहायला बसलोय... दाखवण्यासारखं माझ्याकडे आजही काही नाही. एक कॅसेट आहे. माणसांची नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय.

आमची वस्ती जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला. जमीन खडकाळ, पावसाचा भरवसा नाही. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक येतात आणि आमचे लोक ऊस तोडायला राहुरी-श्रीरामपूरकडच्या कारखान्यांवर जातात, ते उन्हाळा लागल्यावर परत येतात. मधले महिने वस्ती कुलपात असते. मागे राहतात ती म्हातारी माणसं, काही शेरडं... आणि माझी आक्का.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण सुमन. वस्तीवरच मामाच्या घरी दिलेली. भावजी तोडणीला जातात, ती अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी मागे राहते. जाणारे लोक आपापल्या किल्ल्या तिच्याकडे देऊन जातात. कोणाची कोंबडी, कोणाचं मिरचीचं रोप, कोणाची आजारी आई, सगळं ती बघते.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी.ए.ला असताना एका सरांनी सांगितलं की पुण्याला विद्यापीठात रेडिओ, फिल्म, टीव्ही असल्या माध्यमांचा कोर्स आहे. जागा थोड्या, मुलाखत होते, आणि मुलाखतीला स्वतः केलेलं काहीतरी न्यावं लागतं. फोटो, चित्रं, टेप, काहीही. माझ्याकडे कॅमेरा नव्हता. वस्तीच्या विहारात मात्र एक टेपरेकॉर्डर होता, जयंतीला गाणी लावायचा. त्यालाच माइक होता. जामखेडहून नवी कोरी कॅसेट आणली. कोरी होती हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लोक पहिली शंका तीच काढतात.

मी ठरवलं, रिकाम्या वस्तीचे आवाज घ्यायचे. नाताळच्या सुट्टीतली ती एक दुपार होती. वारा सुटला होता. प्रत्येक दाराच्या कडीकुलपाचा आवाज वेगळा असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पत्र्याच्या दारावर कडी आपटली की ताशासारखी वाजते, बाभळीच्या फळ्यांवर नुसती टकटक. मध्येच हापशाची करकर, लांबून म्हाताऱ्याचा खोकला. आक्का किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून माझ्याबरोबर दारोदार फिरत होती.

मी तिला म्हणालो, "आक्का, तू बोल ना थोडं. हे कुणाचं घर, कोण गेलंय, एवढंच."

ती हसली. "माझं बोलनं? पुन्याची मानसं ऐकत्याल व्हय ते! 'हाय' न् 'न्हाई'... हसत्याल तुला."

"कोणी हसत नाही."

"न्हाई रं बाबा. तुझं काम हुईल न् माझ्यामुळं मोडंल. मी तोंडाला कुलूप घालते, तू दारं घे."

आणि तिनं पदराची कड दातात धरली ती रेकॉर्डिंग संपेपर्यंत सोडली नाही. मी शेजारीच होतो. ती एक अक्षर बोलली नाही. खरं सांगू... ती नको म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. तिचं बोलणं ऐकून ते लोक काय म्हणतील, ही भीती मलाही होतीच. मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

घरी येऊन कॅसेट ऐकली. दारं, वारा, हापसा. ठीक वाटली.

मुलाखत जूनमध्ये होती. एक मॅडम, एक दाढीवाले सर आणि आवाजाचं तंत्र शिकवणारे एक वयस्कर सर. मी खुर्चीच्या टोकावर बसलो होतो. मॅडमनी माझी कॅसेट डेकमध्ये घातली.

पहिलं दार वाजलं. साळूमावशीचं, पत्र्याचं. मी मनात म्हणालो, चला, आवाज तरी स्वच्छ आहे. मग दाढीवाले सर हसले. मला कळेना. कडी वाजते यात हसण्यासारखं काय? थोड्या वेळानं मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. वयस्कर सर पुढे वाकून स्पीकरकडे बघत बसले. मला नुसता हापसा ऐकू येत होता. करकर, करकर.

सरांनी टेप थांबवली, मागे घेतली आणि म्हणाले, "एवढं परत ऐकू."

पुन्हा हापसाच. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

"या बाई कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण, मॅडम?"

"ज्या बोलतायत त्या."

मला वाटलं कॅसेटची अदलाबदल झाली. पण कव्हरवर माझंच अक्षर होतं, आणि हापसाही आमचाच होता... त्याचा दांडा वर जाताना अडकतो, तो आवाज मी कुठंही ओळखेन. मी म्हणालो, "माझ्या टेपमध्ये कोणी बोलत नाही, मॅडम. वस्ती रिकामी होती."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दाढीवाले सर हळूच म्हणाले, "वा." त्यांना वाटलं, मी काहीतरी खोल बोललो.

वयस्कर सरांनी विचारलं, "मिक्सिंग कुठे केलंत? बाईंचा आवाज जवळचा आहे, दारं मागे. साध्या टेपरेकॉर्डरवर हे होत नाही."

मिक्सिंग हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तसं सांगितलं. त्यावर मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या. मला फक्त एक सांगा. त्या सातवीच्या गणिताच्या पेपरचं सांगतात ना... सगळं येत होतं, तरी कोरा दिला म्हणून. ते तुम्ही लिहून दिलंत, की त्या आपणहून बोलल्या?"

सातवीचं गणित म्हटल्यावर मला आक्काच आठवली.

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे. आक्का माझ्यापेक्षा मोठी, पण आई-दादांबरोबर तोडणीला जाऊन तिची शाळा बुडायची, त्यामुळे सातवीत आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. दादांनी सांगून ठेवलं होतं की पुढं एकालाच हॉस्टेलवर ठेवता येईल, दुसऱ्यानं कोयता धरायचा. वार्षिक परीक्षेत आक्का गणितात नापास झाली, मी पास झालो. दादा आजही पाहुण्यारावळ्यांत सांगतात, "सुमी कामाला वाघीन, पर डोकं न्हाई तिला. पोरगं हुशार निघालं." आक्काही मान हलवून हसते. ती मला घरी गणितं समजावून सांगायची, हे माझ्या लक्षात होतं. पण त्याचा कधी विचारच केला नाही... माणूस सोयीच्या गोष्टींचा विचार करत नाही.

मॅडमना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बाहेर आलो आणि जिन्यावर बसून राहिलो. पुढच्या आठवड्यात कळलं, मला प्रवेश मिळाला.

एस.टी.नं घरी गेलो. आई साखर वाटायला निघाली, दादा तर रस्त्यानं जाणाऱ्यालाही थांबवून सांगत होते. मी आक्काकडे गेलो. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"आलास व्हय सायब?" ती म्हणाली. "आता टीव्हीत दिसशील. आमाला वळख दे म्हंजी झालं."

"आक्का, सातवीला गणिताचा पेपर तू कोरा दिला होतास?"

तिचा हात थांबला.

"कुनी सांगितलं तुला?"

"पुण्याच्या मॅडमनी."

"त्या बाईला काय म्हाईत? मी कुनाला बोलले न्हाई. आयला बी न्हाई."

"म्हणजे खरं आहे?"

तिनं हातातली शेंग फोडून दाणे बाजूला टाकले. मग म्हणाली, "दोघं पास झालो असतो तर दादाची पंचाईत झाली असती. त्येंनी मलाच घरी बशिवलं असतं, पर त्येंच्या जिवाला लागलं असतं. म्हनून म्हनलं, आपुनच सोपं करावं."

मी विहारातून टेपरेकॉर्डर आणला आणि कॅसेट लावली. ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आधी ती दचकली, मग तिनं पदर तोंडाला लावला, मग चक्क हसली. "साळूमावशीला सांगू नगं हां, तिची कोंबडी मी कापली ते," असं मला म्हणाली... मला तर तेव्हा फक्त पत्रा वाजताना ऐकू येत होता.

"तुझाच आवाज आहे?"

"माझाच की. पर मी कवा बोलले रं हे? रोज दुपारी दारावरनं जाताना मनात असतंय समदं. तोंडानं कवा बोलले?" मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुला ऐकू येत न्हाई?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, "असू दे. तुला माझं कवा ऐकू आलंय?"

थट्टेतच म्हणाली. पण मी टेप बंद केली. मी म्हणालो, "मी नाही जात पुण्याला. ती जागा तुझ्या आवाजावर मिळाली, माझी नाहीच ती. तू सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावीला बस, मी इथं राहून..."

"गप," ती ओरडली. मूठभर टरफलं तिनं माझ्या अंगावर फेकली. "न्हाई जात म्हनं! मग मी त्या पेपराला फुकटच बसले व्हय तीन तास? हात शिवशिवत हुता माझा, समदी गनितं दिसत हुती न् पेन उचलायचं न्हाई. ते सोपं वाटलं व्हय तुला?"

मी अंगावरची टरफलं वेचायला लागलो.

"आन् दादाला ही क्यासेट ऐकवशील तर बघ," ती म्हणाली. "म्हातारा मरंपतुर रडंल."

मी पुण्याला आलो. पहिल्या सत्रातच मॅडमना सगळं सांगितलं, की तो आवाज मी घेतलेला नाही, मला तो ऐकूही येत नाही, जागा परत घ्यायची तर घ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. कान उत्तम आहेत. मग आवाजाच्या सरांनी कॅसेट मशीनवर लावली. सुया हलत होत्या, पण त्यांच्या मते ते हलणं नुसतं दारांचं आणि वाऱ्याचं होतं. त्यांनी हेडफोन काढले, पुन्हा घातले. "मशीनला दिसत नाही," ते म्हणाले, "आणि मला ऐकू येतंय." त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्याशी काढला नाही.

कोणी म्हणेल मनाचे खेळ. पण खेळ असला तर तो माझ्या मनाचा असायला हवा. त्या तीन अनोळखी माणसांना आक्काच्या पेपरचं कसं कळलं? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. सापडेल असंही वाटत नाही.

आता माझं दुसरं वर्ष आहे. या वर्षी नव्या मुलांना मॅडमनी पहिल्या तासाला माझी कॅसेट ऐकवली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला कडी ऐकू येत होती, वारा ऐकू येत होता. मध्येच सगळा वर्ग हसला, तेव्हा मी ओळखलं, कोंबडीचं आलं असणार. पुढे एक मुलगी खाली बघायला लागली, शेजारच्या मुलानं टेबलावरचा हात मागे घेतला. ते पेपरचं असेल. मग शेवटाकडे, जिथं मला फक्त वारा आहे, तिथं सगळ्यांनी एकदम माना वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही... कसं ते सांगता येत नाही.

तिथं ती माझ्याविषयी काय म्हणते, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.