पुसलेली फाइल आणि चालू प्रोग्रॅम

सबनीस साहेबांचं बोट सर्व्हरच्या पॉवर बटणावर होतं आणि मी त्यांना ते काढायला सांगत होते. ते आयटी मॅनेजर, मी त्यांच्या हाताखालची सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मूळची दौंडची, नोकरीसाठी शिरूरला खोली घेऊन राहणारी. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ब्रेकचे सिलिंडर बनत.

आमच्या सर्व्हर रूमचं उद्घाटन फीत कापून झालं होतं. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. रूटचा पासवर्ड, म्हणजे सर्व्हरवर वाट्टेल ते करायची मुभा, साहेबांनी मागून घेतला होता. मॅनेजरकडे नसेल तर कुणाकडे असणार, हा त्यांचा युक्तिवाद. सर्व्हर ज्यावर चालायचा ती लिनक्स सिस्टिम त्यांना जेमतेम यायची, पण अधिकार पूर्ण होता.

दुसऱ्या दिवशी कस्टमरचे इन्स्पेक्टर तयार लॉट बघायला येणार होते. सकाळपासून डिस्क भरल्याचा मेसेज येत होता. मी स्टोअर्समध्ये प्रिंटर दुरुस्त करत असताना साहेबांनी स्वतःच साफसफाईला हात घातला. सगळ्यात मोठी फाइल शोधली आणि rm कमांड दिली. rm म्हणजे फाइल काढून टाकणं. तिथे कचऱ्याची टोपली नसते, की ज्यातून उचलून परत आणावी.

ती फाइल टेस्टिंगची होती. लॉटमधल्या प्रत्येक सिलिंडरचा प्रेशर टेस्टचा आकडा तिच्यात होता. रेकॉर्ड नाही म्हणजे कस्टमरच्या लेखी टेस्ट झालेलीच नाही. बॅकअप जुना होता, कारण नव्या टेप ड्राइव्हला मंजुरी मिळायची होती. आख्खा लॉट पुन्हा टेस्ट करावा लागला असता, इन्स्पेक्टर हात हलवत परत गेले असते, आणि खापर टेस्टिंगच्या कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांवर फुटलं असतं. अशा वेळी ते वरून खाली येतच फुटतं.

साहेब मात्र वेगळ्याच कारणाने वैतागले होते. एवढी मोठी फाइल काढूनही डिस्कवर जागा होईना. df ही कमांड किती जागा उरली ते सांगते. ती जुनाच आकडा दाखवत होती. म्हणून त्यांना रीस्टार्ट करायचं होतं.

"सर, जागा झाली नाही हीच चांगली बातमी आहे," मी म्हणाले. "फाइल अजून आत आहे. बंद केलंत तर मात्र खरंच जाईल."

"डिलीट केलेली फाइल आत कशी असेल, मॅडम?"

असते. लिनक्समध्ये डिरेक्टरी ही नावांची यादी असते. rm त्या यादीतलं नाव खोडतं. पण एखादा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला असेल, तर तो सोडेपर्यंत मजकूर जागचा हलत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून बिऱ्हाड रिकामं होत नाही, तसं.

साहेबांनी हात मागे घेतला. आता खरी भीती कारखान्याच्या टेस्टिंग विभागात होती. प्रोग्रॅम चालायचा सर्व्हरवर, पण चालू-बंद व्हायचा टेस्टिंगच्या स्क्रीनवरून. पहिली शिफ्ट सुटत आली होती, आणि जाणाऱ्याने प्रोग्रॅम बंद करायचा, येणाऱ्याने नव्याने चालू करायचा, अशी आमची पद्धत. मी शेलारमामांना फोन लावला. ते तिथले सुपरवायझर, वडगाव रासाईहून येणारे.

"मामा, प्रोग्रॅम बंद करू नका."

"दुसऱ्या शिफ्टचा गडी आलाय की ताई. त्याचा त्यो चालू करील परत."

"त्याला हात लावू देऊ नका. बंद झाला तर सगळ्या लॉटचं रेकॉर्ड जाईल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आता मीच बसलोय. कोन उठवतंय बघू."

"तुमची बस जाईल."

"जाऊ दे. सिक्स सीटर रिक्षा हायेत की."

लिनक्स प्रत्येक चालू प्रोग्रॅमची एक डिरेक्टरी ठेवतं. त्या प्रोग्रॅमने कोणत्या फाइली उघडल्यात ते तिच्यात दिसतं. मी टेस्टिंगच्या प्रोग्रॅमची डिरेक्टरी शोधली, यादी दाखवणारी ls कमांड दिली. आमची फाइल तिथे होती, नावापुढे 'पुसलेली' असा शेरा घेऊन. cp कमांड देऊन मी तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायला लावली. साहेब पाठीमागे हात बांधून उभे राहिले. जीएमना कळवावं का, असं त्यांनी हळूच विचारलं. थोडं थांबा, मी म्हणाले.

cp संपली आणि काहीच बोलली नाही. लिनक्समध्ये काम नीट झालं की कमांड गप्प राहते. आमच्या ऑफिसात हा गुण दुर्मीळ होता.

तरी खात्री हवी होती. मी नकलेतली शेवटची ओळ उघडली आणि मामांना त्यांच्या स्क्रीनवरच्या शेवटच्या सिलिंडरचा नंबर वाचायला सांगितला. त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला. माझ्यासमोर तोच होता.

"जुळला, मामा. आता बंद करा."

"मंग उठू का? पाय आखडलंत माझं."

नक्कल मूळ जागी नेऊन ठेवली, वर्षानुवर्षं साचलेल्या निरुपयोगी फाइली काढल्या, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरांनी मनाला येतील ते सिलिंडर उचलले आणि त्यांचं रेकॉर्ड मागितलं. मामांनी एकेक काढून दाखवलं. संध्याकाळी लॉट ट्रकमध्ये चढला.

महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं, की आयटी विभागाने संभाव्य डेटा लॉस यशस्वीपणे टाळला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. वाक्य खोटं नव्हतं, फक्त त्याची सुरुवात गाळलेली होती.

पुढे पुण्यात मी पुष्कळ मोठे सर्व्हर सांभाळले, पण त्या एका cp इतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही. फाइल गेली असा फोन आला, की लोक आधी ती कुणी पुसली ते शोधतात. मी आधी विचारते, प्रोग्रॅम अजून चालू आहे का. पुसणारा कुठे पळून जात नाही.