न फिरलेलं चित्र

वहिनी आणि मी एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. नणंद-भावजय एका प्रयोगशाळेत म्हटल्यावर लोकांना भांडणं हवी असतात. आम्ही ती करतोही. मुख्य भांडण सुईचं. आमच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा नसतो. डोळ्याला न दिसणारं सुईचं टोक नमुन्यावरून फिरतं आणि तिथले चढउतार पडद्यावर उमटतात. टोक झिजलं की सुई बदलायची. वहिनी नव्या सुया विद्यार्थ्यांसाठी राखायची आणि स्वतःच्या संशोधनाला एकच जुनी सुई पुरवून पुरवून वापरायची. "अगं, पोरांना शिकू दे," म्हणायची. मी कपाळावर हात मारायचे.

पन्नाशीत तिने पीएचडीचा प्रबंध पुरा केला. तांब्याच्या पातळ थरावर जोडीजोडीने उठणारे उंचवटे, हा तिचा शोध. तोंडी परीक्षा चार दिवसांवर आली होती. दादा तर तिला आत्तापासूनच 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागला होता.

त्या दिवशी मी मदतीला होते आणि ती वर्गाला चित्रातलं खरं-खोटं ओळखायला शिकवत होती. "नमुना काटकोनात फिरवा. चित्र फिरलं, तर ते नमुन्याचं. नाही फिरलं, तर सुई तुटकी आहे आणि स्वतःचाच आकार काढतेय." उदाहरण म्हणून तिने कौतुकाने आपलाच तांब्याचा नमुना ठेवला, आपल्याच सुईखाली. मग फिरवला. उभ्या जोड्या आता आडव्या दिसायला हव्या होत्या.

तशाच उभ्या!

अहो, ही चाचणी ती दरवर्षी शिकवते, आणि स्वतःच्या नमुन्यावर एकदाही केली नाही? पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, नवी सुई लावून बघू या?" लावली. पडद्यावर सुटे सुटे उंचवटे आले. जोडी एकही नाही. जुन्या सुईचं टोक दुभंगलं होतं, एकेक उंचवटा दोनदा काढत होतं.

मी तिच्या कानाशी लागले, "वहिनी, मशीन बिघडलंय म्हण आणि तास संपव."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. खुर्चीची पाठ धरून ती वर्गाला म्हणाली, "माझ्या प्रबंधातली सगळी चित्रं या तुटक्या सुईची आहेत. लिहून घ्या." कुणाचंच पेन हलेना.

बाहेर येऊन तिने मार्गदर्शक सरांना स्पीकरवर फोन लावला आणि सुईचं सगळं सांगितलं. मला रडू आवरत नव्हतं, आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. सर हळूच म्हणाले, "बाई, हे आणखी कुणाला कळलंय का?"

"हो सर," वहिनी म्हणाली. "सगळ्या वर्गाला. मीच दाखवलं."