वनिताच्या मायले मी विचारलंच नाई

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाई. बायकोची राख वैनगंगेत सोडताना तोंडापर्यंत आलं होतं — गिळलं. आता तुमच्याजवळ काऊन बोलून राह्यलो? तुमी माह्या गावचे नाई, एवढंच असन.

मी चौथी शिकलो. आरमोरीजवळच्या खेड्यात धानाची शेती केली. पोरगी वनिता मात्र दिल्लीत वकील आहे, अन् हे सांगतलं की लोकं मले छळतात. कोणत्या कोर्टात? खुनाच्या केसा चालवते का? अरे बाबा, नाई. परदेशातल्या कंपन्या तिले विचारतात — आमी हे औषध नवीन काढलं, यावर इथी आमचा हक्क लागन का? ती पाहते, ते खरंच नवीन आहे, का आधीपासूनच लोकांच्या घरात आहे. पेटंट म्हणतात त्याले. वीस वर्षं हेच सांगून तोंडाले फेस आला. अन् शेवटी म्हणतात काय, कोर्टात जात नाई, मग कायची वकील?

एकदा एका मोठ्या कंपनीले तिनं तोंडावर सांगतलं, हे तुमचं नवीन नाई, आमच्याकडच्या बाया हे करत आल्या आहेत. कंपनी दुसऱ्या वकिलाकडे गेली. पोरगी मले फोनवर म्हणे, "जाऊ द्या बाबा, मी खोटं लिहून देत नाई." मी गावभर सांगत फिरलो. म्हणजे ती कशी आहे, हे मले पूर्ण ठाऊक होतं.

आता बायकोचं. धानाच्या रोवणीत बाया दिवसभर चिखलात उभ्या राहतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी सडते, पाय टेकवत नाई. माही बायको ऐनाच्या झाडाची साल उकळून घट्ट काळी करे अन् मोहाच्या बियांच्या तेलात घोटे. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यापासून. दिवस मावळला की छपरीत बाया पाय पसरून बसत, अन् मी कावत असे — घर आहे का दवाखाना? वास असा की घास उतरत नसे. वनिता पाचवीपासून नागपूरले वसतिगृहात. रोवणीच्या दिवसात ती घरी नसेच.

बायको शाळेत गेलीच नाई. कधी पोरगी घरी आली की तिचे कागद नुसते हातानं सारखे करे. एकदा म्हणाली, "तिच्या कामाचं माह्याजवळ काहीच नाई." मी म्हणलं, नसतेच.

अन् मग — काही वर्षं झाली — वनिताचा फोन आला. आमच्या गावात रेंज भेटते ती शाळेच्या भिंतीजवळ, म्हणून फोन माह्याच खिशात राहे. बायकोच्या गुडघ्यांनी तिथवर चालणं होत नसे. पोरगी म्हणे, एका परदेशी कंपनीनं चिखल्यांवर मलम काढलं, त्यात ऐनाची साल अन् मोहाचं तेल आहे. पुस्तकांत कुठी सापडत नाई, पण तिले लहानपणचा एक वास आठवून राह्यला.

"माय असंच काही करे ना, बाबा? तिले नीट विचारा. ती हो म्हणाली तं मी हे पुढं जाऊ देत नाई. मी स्वतः येते, तिच्या नावानं सगळं लिहून घेते."

विचारतो म्हणलं.

शाळेपासून घर किती? एक बिडी संपत नाई. तेवढ्यात पोटात काय शिरलं, तेही सांगतो. वीस वर्षांत पोरीनं तिच्या कामाचं मले एक अक्षर विचारलं नाई. सायकलवर बसवून एसटीपर्यंत मी नेलं. फॉर्म मी भरले, चुका करत का होईना. गावाशी डोकं मी लावलं. अन् पहिल्यांदा विचारायची वेळ आली तं मायले? जिले सही येत नाई तिले?

घरी पोचलो तं बायको तेच घोटत बसली होती. हातभर अंतरावर.

"काय म्हणे पोरगी?"

"काही नाई. खुशाली."

दुसऱ्या दिवशी भिंतीजवळ जाऊन सांगतलं — विचारलं तिले, नाई म्हणते. करंजाचं तेल लावे, त्याचाच वास असन. पोरगी म्हणे, नक्की ना? मी चिडलो. खोटं बोलताना चिडलं की सोपं पडते. म्हणलं, "मी काय खोटं बोलून राह्यलो?" ती म्हणाली, माफ करा बाबा. माफी तिनं मागतली — समजते का तुमाले?

कंपनीले हक्क भेटला. पोरीनं लिहून दिलं, हे आधी कोणाच्या घरात सापडलं नाई.

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. तेरवीले शेजारची कमलाबाई वनिताच्या गळ्यात पडली. म्हणे, "आता आमच्या पायाले कोण पाहीन वं? तुह्या मायचं औषध तिच्यासंगंच गेलं." पोरीनं विचारलं, कायचं औषध? कमलाबाईनं सांगतलं — साल, तेल, सगळं. पोरगी माह्याकडे पाहत राह्यली. सगळ्यांसमोर.

तवा तरी? नाई. तवाही नाई. मी म्हणलं, "हे ती मागच्या दोन वर्षांत शिकली कोण्या बाईपासून." कमलाबाईनं माह्याकडे असं पाह्यलं — आयुष्यभर तिनंच आमच्या छपरीत पाय पसरले होते. पण तेरवीच्या दिवशी नवऱ्याले कोण खोटं पाडते? खाली पाहून पत्रावळी उचलाले लागली.

पोरगी दिल्लीले गेली, पण तिले चैन नाई. फोनवर म्हणते, "म्हणजे कोणाजवळ तरी हे आधीपासून होतं, बाबा. माह्या हातानं चूक लिहिली गेली. त्या बाईले मले भेटाचं आहे."

तशी कोणी बाई नाई. पोरगी दिवाळीत सुटी काढून येऊन राह्यली, तिले शोधाले.