ऱ्हस्व पडणारं पाऊल

माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तर आनंदच. हे कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण बालाजी घाटावरच्या आमच्या रेडिओवाल्या भाऊजींइतका चक्रम माणूस उभ्या काशीत झाला नाही, एवढं मात्र शुद्ध लिहिते. दोन तारा जोडल्या की निर्जीव वस्तूही बोलते, असं ते म्हणत. दूध उतू जाताना ओरडणारं भांडं त्यांनी केलं. ते दूध सांडल्यावर ओरडायचं. माकडं पळवायला आमच्या गच्चीत पाय पडताच वाजणारी पाटी ठेवली, तर माकडं ती वाजवायलाच येऊ लागली. "श्रोते मिळाले, वहिनी," म्हणाले.

आमचे हे वेदपाठशाळेत शिकवायचे. त्यांना अर्धांगवायू झाला. डाव्या पायात जीव परतला, पण ह्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. डॉक्टरांनी बजावलं, आता भार दिला नाही तर पाय कायमचा लुळा राहील. हे भिंत धरून उजव्यावरच चालत आणि "दिला भार" म्हणत. भाऊजींनी माकडांची पाटी उचलली आणि कापून कापडी बुटात टाचेखाली बसवली. खरा भार पडला तरच बूट वाजे. पैसे विचारले तर म्हणाले, "घेईन की. पण गुरुजींनी स्वतःच्या पायांनी वर दुकानात आणून द्यायचे."

ह्यांनी पाऊल टाकलं. बूट जेमतेम "पी" करून गप्प.

"ऱ्हस्व झालं, गुरुजी. दीर्घ पाहिजे."

ज्यांनी जन्मभर मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, त्यांना हे ऐकवणं! हे लालबुंद झाले. रोज तेच भांडण. एकदा पडले, तेव्हा म्हणाले, "फेक तो बूट गंगेत." मी तो पुसून परत त्यांच्या पायात घातला.

मग एका सकाळी उपरण्याच्या टोकाला पैसे बांधून हे घाटाच्या पायऱ्या चढू लागले. मी मागे, हात पसरून, पण न शिवता. अर्ध्यावर बूट थांबला. पाय अधांतरी थरथरत होता. भाऊजी वर उंबऱ्यात उभे. एक पायरीही उतरले नाहीत. "हात देऊ?" मी विचारलं. "नको." टाच टेकली, आवाज आला, लांबला.

"दीर्घ," भाऊजी म्हणाले.

"थांब. प्लुत बाकी आहे," हे म्हणाले. प्लुत म्हणजे तीन मात्रांचा स्वर. शेवटच्या पायरीवर डाव्या पायावर उभे राहून त्यांनी तो पुरा वाजवला, मग उपरण्याची गाठ सोडली.

भाऊजी आता नाहीत. बूटही कधीच मुका झाला. पण त्या बंद दुकानापाशी आले की ह्यांचं डावं पाऊल अजून जरा लांबतं. देणं तर त्याच सकाळी फिटलं होतं, सगळंच्या सगळं.