कानामागची गाठ

आमचे हेडगुरुजी हजेरीच्या आधी प्रत्येक पोराच्या कानामागं चाचपून बघायचे. तिसगावजवळच्या वस्तीवरची शाळा, शिक्षक दोनच: ते आणि मी. पोरं गुदगुल्या झाल्यागत हसायची, गुरुजी हसत नसत. गाठ लागली, अंगावर बारीक पुरळ दिसलं, की पोराला स्वतः घरी पोचवायचे. तिथं दमलेल्या आवाजात एकच विचारायचे, "घरात कुनी दोन जिवाची न्हाई ना?" लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. मीही म्हणायची.

एके सकाळी त्यांनी मला दारातच अडवलं. दुसरीतल्या एका मुलीला पुरळ उठलं होतं. "बाई, तुमी आत येऊ नका." मला राग आला. दुसरा महिना सुरू होता, पण नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. असला ताप पोरांना येतोच, असं मी म्हटलं. गुरुजी पायरीवर बसले.

आधीच्या शाळेत अशीच साथ आली होती. त्यांनाही दोन दिवस ताप आला, अंगावर पुरळ आलं. उन्हानं असेल म्हणून सोडून दिलं. मग बायकोला तेच झालं. तिलाही दुसराच महिना होता. मुलगी झाली, मुक्ता. डोळ्यांत मोतीबिंदू घेऊनच जन्मली आणि ऐकू काहीच येत नव्हतं. "त्याच दिवसांत पोटात डोळं, कान, काळीज घडत असतं म्हनं," गुरुजी म्हणाले. "शाळंतनं मीच न्हेलं ते घरी."

तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं. शेवगावला रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत मी घरी बसून होते आणि सगळे वर्ग त्यांनी एकट्यानं ओढले. हा आजार मला लहानपणीच होऊन गेलेला निघाला, तो सहसा पुन्हा होत नाही, म्हणून बाळाला धोका नव्हता. गुरुजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आमाला अशी तपासनी असती हेच ठाऊक नव्हतं."

माझा मुलगा आता पहिलीत आहे. गुरुजी परवा निवृत्त झाले. निरोपाला मुक्ता त्यांच्या शेजारी बसली होती, जाड चष्मा लावून. भाषणांतला शब्द न् शब्द ते तिला हातांनी सांगत होते. शेवटी मी उठले आणि म्हणाले, गुरुजींमुळं कितीतरी घरं वाचली.

त्यांचे हात थांबले. मुक्तानं त्यांचा दंड हलवून खुणेनं विचारलं, काय म्हणाल्या? ते मान खाली घालून बसून राहिले.