पवनीच्या बोडीतली मरळ

मासे म्हणजे माझा जीव की प्राण. माझी बायको वीणा मासे खात नाही, तरी इतकी वर्षं निमूट शिजवत आली. एका रविवारी मात्र तिने सरळ सांगितलं, "एकदा स्वतः पकडून, मारून दाखव. जमलं नाही तर या घरात मासा शिजणार नाही." मी मोठ्या ऐटीत हो म्हणून बसलो.

ऑफिसातला मित्र नरेश पवनीजवळच्या खेड्यातला. त्याच्या शेतात बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी देणारं घरचं छोटं तळं. नवशिक्यांनी अशाच ठिकाणी सुरुवात करावी. मोठ्या तलावांवर मासेमार सोसायट्यांचा हक्क असतो, तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे मोटारसायकलने आम्ही दोघे निघालो. वाटेत चहा आणि आलुबोंडा झाला. गळ-दोरा पवनीच्या बाजारात शंभराच्या आत मिळाला, काठी नरेशने घरामागच्या बांबूची तोडली.

शिवारात धानकापणी सुरू होती. गळाला गांडूळ लावतानाच माझी त्रेधा उडाली. सकाळ नुसती बसून गेली, आणि खरं सांगतो, छान गेली. दुपारी दोरा ताणला आणि हातभर मरळ बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन आपटली. मी नाचलोच.

मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगते, हे मला ठाऊक नव्हतं. नरेशच्या घरी पोचलो तरी बादलीत तिचं तोंड उघडमिट चालूच होतं. नरेशच्या आईने, म्हणजे काकूंनी, विळा, दांडका आणि मासा हातातून निसटू नये म्हणून मूठभर राख पुढ्यात ठेवली. मी नरेशकडे पाहिलं, तर तो म्हशीला पाणी पाजायला निघून गेला.

"पाहत काहून राहिला?" काकू म्हणाल्या. "एकच मार, पण जोरात. तिचे हाल नको करू, बापू."

मारलं. डोळे भरून आले.

रस्सा शिजला, घरभर वास सुटला, आणि काकूंनी तो सगळाच्या सगळा डब्यात भरून शेजारी धाडला. "पयल्यांदा पकडलेला मासा आपण नाई खात. शेजाऱ्यायले देतो." आमच्या ताटात भात आणि लाखोरीची डाळ. आधी राग आला, मग बरंच वाटलं.

नागपूरला परतल्यावर वीणाने विचारलं, मारलास? हो म्हटलं. चव कशी होती विचारल्यावर मात्र शेजारी गेलेल्या डब्याची गोष्ट सांगितली.

पुढच्या रविवारी मासा आणला. मासेवालीला म्हटलं, कापू नका, तसाच द्या. घरी ओट्याशी उभा राहून मीच साफ करत होतो. वीणा दारातून बघत होती. मग आत आली आणि तिने तवा तापत ठेवला.